चिंच-राखेनं घासलेला बुश

आमच्या मालकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, देवानं दोन हात भरभरून दिले अन् तोंड द्यायच्या वक्ताला आखडतं घेतलं. अर्धी भाकरी आत जाती अन् अर्धं वाक्य बाहेर येतं. उरलेलं अर्धं ज्यानं त्यानं वळखायचं. चौतीस वर्षं झाली लग्नाला, मी नुसती वळखायलेय.

नाव हणमंतप्पा. भालकीच्या बस स्टँडवर ‘मिस्त्रीचं घर कुठंय’ म्हनलं तर केळी विकणारी बाई बी बोट करून दावती. अंगणात कडुनिंब, त्याच्याखाली ग्यारेज. ट्रॅक्टर येऊ द्या, जीप येऊ द्या, मालक इंजिन चालू करायला लावतात. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवतात, मूठ कानाला लावतात अन् डोळे मिटतात. मग म्हनतात, ‘‘तिसरा.’’ अन् हात धुवायला जातात. गाडीवाला बिचारा माझ्याकडं बघतो. तिसरा काय, अक्का? मी म्हनते, मला काय ठावं बाबा, मला तर अजून पहिला अन् दुसरा बी सांगितला न्हाई. पण खोलून बघितलं की बिघाड तिसऱ्या पिस्टनातच निघतो, हे बी खरं हाय. म्हणून तर लोकं येतात.

आमच्या थोरल्या लेकीला, शिवलीलाला, बघायला पाव्हणे येणार हे मला कधी कळलं सांगू? पाव्हण्यांची जीप दारात हुबी राहिल्यावर. मी कोपरापातूर पिठात. मालक म्हनले, ‘‘हां, ते... आज.’’ आज काय? श्रावण हाय का शिमगा हाय? त्या दिवशी मी परातीसकट आत पळाले ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

अन् सोमवार! त्यांचे वडील बैलगाडी हाकायचे. सोमवारी बैल जुंपायचा न्हाई, बसवण्णाचा वार, ही आमच्याकडची रीत. आता बैल गेले, गाडी गेली, वडील बी लिंगैक्य झाले. पण मालक सोमवारी हातोडा उचलत न्हाईत. उसाचा हंगाम जोरात, कारखान्याच्या वाटंवर ट्रॅक्टर बंद पडलाय, मागं पाच ट्रॉल्या अडकल्यात, डायवर पाया पडायलाय. अन् हे ओट्यावर बसून शेंगा फोडायलेत. मी म्हनलं, अवो, ते बैल न्हाई, लोखंड हाय. तर म्हनले, ‘‘ओढतंय की.’’ झालं. ह्याच्यावर काय बोलावं माणसानं?

माझं सांगायचं तर मी चंद्रम्मा, ज्वारीच्या कडक भाकरी करून विकते. पातळ, कागदावानी, महिनाभर टिकतात. कोळारला कारखाने हायेत ना बिदरच्या कडंला, तिथल्या खानावळींना माझीच भाकरी लागती. दुरडी डोक्यावर घ्यायची, भालकी स्टँडवर जायचं, बिदरची बस धरायची. दुरडी बघितली की कंडक्टरचं तोंड वाकडं. ‘‘अक्का, टपावर टाका.’’ टपावर भाकरी टाकून बघा एकदा! अकरा वर्षांमागं मी टाकली होती, गत्यंतरच नव्हतं. हलबर्ग्याच्या पुढं बसनं खड्ड्यात आदळी घेतली अन् दुरडी खाली. गोळा करायला गेले तर भाकरी कुठं, नुसता चुरा. दोन दिवसांची मेहनत रस्त्यावर कावळ्यांनी खाल्ली. घरी आले अन् चुलीपुढं बसून रडले. मालक दारात हुबे होते. एक शब्द बोलले न्हाईत. दुसरा कोण असता तर निदान ‘जाऊ दे’ तरी म्हनला असता.

त्याच साली आमच्या घरात ती आली. सवत म्हना, अँबॅसडर म्हना, एकच. भालकी-उदगीर रोडवर टॅक्सी होती म्हने एके काळी. मग कुणाच्या तरी शेतात पडून होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. मालकानं ट्रॅक्टर लावून ओढत आणली अन् शेडात घातली. ते शेड कुणासाठी बांधलं होतं? माझ्यासाठी! पडवीत तीन चुलींच्या धुरात माझे डोळे जायलेत म्हणून भाकरीसाठी शेड घातलं होतं. मी दारात हुबी राहून बघायलेय, माझ्या शेडात ती मोटार घुसायलीय, तिच्या खिडकीतनं एक कोंबडी बाहेर यायलीय. म्हनलं, ‘‘हे काय?’’ तर म्हनले, ‘‘गाडी.’’

त्याच दिवशी शेडाच्या दाराआड एक सुतळी खिळ्याला अडकवली, तिला तीन गाठी. झाडताना मी काढायला गेले तर मालक धावत आले. ‘‘ती सुतळी काढू नको.’’ चौतीस वर्षांत पुरं वाक्य बोलले असतील तर हे. म्हणून मी काढली न्हाई. अकरा वर्षं तिच्याभवती जाळी साफ करायलेय.

अकरा वर्षं ती खोलायचं, पुसायचं, जोडायचं. माझ्या बाजंची एक फळी गेली, मी विचारलं, उत्तर न्हाई. मागच्या काचांना आतनं पोती लावली अन् दारं बंद केली. म्हनलं, कोंबड्यांची लाज वाटती का काय तिला?

ह्या वर्षी मात्र मी हट्ट धरला. आमचा पोरगा सुनीलकुमार कोळारलाच कारखान्यात हाय, त्यानं खटपट करून भाकरी थापायचं मशिन मंजूर करून घेतलं. मशिन येणार बुधवारी. ठेवायचं कुठं? शेडात. मी मालकाच्या म्होरं बसले अन् बोटांवर मोजत सांगितलं, ‘‘मंगळवारी सकाळी दहाला व्यंकट भंगारवाला यायलाय. दहाच्या आत ही बया स्वतःच्या इंजिनावर, गिअर टाकून, शेडाच्या बाहेर गेली तर कडुनिंबाखाली राहील. न्हाई गेली तर व्यंकट न्हेईल. शेड मला दोन्हीकडनं मिळालंच पायजे. कबूल?’’

मालकानं एकदा शेडाकडं बघितलं. मग म्हनले, ‘‘कबूल.’’ पण मी बी हटले न्हाई. अकरा वर्षं काय कमी असतात?

अडलं होतं कुठं, तर अंगठ्याएवढ्या वस्तूपाशी. इंजिन तर दोन वर्षांमागंच सुरू झालं होतं, पण क्लच दाबला की आतनं कुई करून विव्हळायचं अन् गिअर काय पडायचा न्हाई. सुनीलनं मला समजावून सांगितलं, बापानं थोडंच सांगितलं असतं. इंजिनाच्या पोटात एक जाड दांडा फिरतो, क्रँक. त्याच्या शेपटाला भोक असतंय. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्या भोकात जाऊन बसतं, अन् दोघांच्या मधी एक पिवळी पोकळ नळकांडी असती, टोपणाएवढी. तिला म्हनतात पायलट बुश. ती झिजली की शाफ्ट डुगडुगतो. नवीन बुश मालकाला हैदराबादच्या जुन्या पार्टांच्या बाजारातनं चार महिन्यांनी मिळाला होता. एकच. दुसरा त्या बाजारात न्हाई, असं तो दुकानदार म्हनला होता.

आधी जुना बुश निघायला तर पायजे. तो बसलाय भोकाच्या तळाशी, मागनं ठोकायला जागा न्हाई. शनिवारी मालक गिअरबॉक्स उतरवून, गाडीखाली झोपून त्या भोकात ग्रीस भरायलेत, वर एक गोल दांडा घालायलेत अन् हातोडा मारायलेत. दाबानं ग्रीस बुशाच्या मागं जातं अन् बुश बाहेर ढकलला जातो, असं असतंय म्हने. पण त्यांचा दांडा झिजलेला. हातोडा मारला की ग्रीस फचकन बाजूनं बाहेर. दाढीत ग्रीस, पत्र्याला ग्रीस, वाळत घातलेल्या माझ्या साडीला ग्रीस. मी पडवीतनं आरडायलेय, ते आतनं ठोकायलेत.

मग आवाज बंद झाला. मी परातीकडं बघते तर माझे दोन उंडे गायब. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळून मी गोळे करून ठेवले होते, चांगले मोजून. धावत शेडात गेले. मालक गाडीखाली, अन् माझ्या ज्वारीच्या पिठाचा उंडा अंगठ्यानं त्या भोकात कोंबायलेत!

‘‘अवो, अन्न हाय ते! हातोड्यानं मारताव व्हय अन्नाला?’’

‘‘घट्ट हाय,’’ म्हनले.

घट्ट असणारच, माझ्या हाताचं हाय. दांडा घातला, हातोडा मारला. ठक. पुन्यांदा पीठ भरलं, ठक. चवथ्या ठोक्याला आतनं काहीतरी सुटल्यागत आवाज झाला अन् जुना बुश पिठासकट हळूच बाहेर आला. मालक गाडीखालनं निघाले, बुश तळहातावर धरून माझ्याकडं बघून हसले. सगळ्या तोंडाला ग्रीस, मधी पांढरे दात. मी म्हनलं, हसू नका, दोन भाकरी कमी झाल्या माझ्या. पण खरं सांगते, ग्रीसला जमलं न्हाई ते माझ्या पिठाला जमलं, ह्याचं मला बरं वाटलं.

आता नवीन बुश घाला की लगेच! तर न्हाई. रविवारी म्हनले, ‘‘तेल पिऊ दे.’’ अन् दिवसभर गिअरबॉक्सचे नटबोल्ट धूत बसले. मी म्हनलं, उद्या सोमवार, तुमी काय हातोडा उचलणार न्हाई, परवा दहाला व्यंकट येणार. आज तेल पाजा, आजच बसवा. मान हलवली. कुठं तेल पाजायलेत, कशात पाजायलेत, काही बोलणं न्हाई. मी बी रागानं विचारलं न्हाई.

सोमवार उजाडला. मालक लिंगपूजा करून ओट्यावर शेंगा घेऊन बसले. मी देवघरातली पितळी भांडी काढली. सोमवारी चिंच अन् राखेनं भांडी घासायची, हे माझ्या सासूच्या सासूपासनं चालत आलंय. समई घासली, ताट घासलं, घंटा घासली. एका वाटीत तेल होतं, तेलात समईचा कसला तरी भाग पडलेला, गोल, पिवळा, काळपट झालेला. म्हनलं, ह्या माणसानं समई बी खोलली का काय? तेल वतून दिलं, तो भाग चिंचेनं चांगला चोळला, राख लावून नारळाच्या काथ्यानं आतबाहेर घासला. असा लखलखला! धुवून, पुसून, नवीन तेल घालून, होता तसा वाटीत ठेवला.

तुमी वळखलंच असंल. मला वळखू यायला संध्याकाळ झाली.

संध्याकाळी मालक चहा पिताना बोलायला लागले. कधी न्हाई ते! उद्याची धाकधूक असंल, जीभ सैल झाली. म्हनले, ‘‘चंद्रा, तो बुश बघितला का? साधं पितळ न्हाई ते. पितळेची पावडर दाबून केलेला असतो. अंगाला बारीक बारीक भोकं, डोळ्याला दिसत न्हाईत. त्या भोकांनी तो तेल पितो अन् मग जन्मभर शाफ्टला थोडं थोडं देत राहतो. त्याला ग्रीस चालत न्हाई. कानस चालत न्हाई. धुळीचा एक कण शिरला तर शाफ्ट खाऊन टाकंल. शेडात धूळ, म्हणून देवघरात ठेवलाय, वाटीत. सगळ्यात साफ जागा.’’

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. चौतीस वर्षांनी नवरा दहा वाक्यं बोलला, अन् दहाच्या दहा माझ्या छातीत घुसली. एक कण म्हने! मी तर मूठभर राख कोंबली होती त्याच्या भोकाभोकात.

सांगावं? सांगितलं तर दुसरा बुश न्हाई, उद्या दहाला गाडी भंगारात. न सांगावं? तर उद्या गाडी बाहेर निघंल, शब्द राहील, पण पुढं आतल्या आत शाफ्ट खाल्ला जाईल, अन् हा सहासष्ट वर्षांचा माणूस पुन्यांदा गिअरबॉक्स छातीवर घेऊन उतरवंल. कपाळ माझं! मी त्यांच्यावरच चिडले. एवढी दहा वाक्यं सकाळी बोलायला काय झालं होतं? ‘वाटीला हात लावू नको’ एवढं तरी? सुतळीसाठी जीभ उचलती अन् बुशासाठी उचलत न्हाई? पण चिडून झालं तरी राख काही निघंना. त्या रात्री माझा डोळा लागला न्हाई.

मंगळवारी तांबडं फुटायला मालक उठले. आंघोळ, भस्म, लिंगपूजा, सगळं सावकाश. इकडं माझा जीव टांगणीला. मग देवघरातनं वाटी घेऊन आले, बुश उजेडात धरला.

‘‘लई चमकायलाय,’’ म्हनले.

‘‘मी घासला,’’ म्हनलं. ‘‘चिंच अन् राखेनं. मला समईचा भाग वाटला.’’

त्यांनी माझ्याकडं बघितलं, बुशाकडं बघितलं. मग हळूच खाली बसले, भिंतीला पाठ लावून. वरडले न्हाईत. वरडले असते तर मी बी वरडले असते, बरं झालं असतं. ते म्हनले, ‘‘मग... व्यंकटला...’’ अन् बाकीचं अर्धं गिळलं.

माझ्या अंगाचा भडका उडाला. ‘‘व्यंकटला काय? बोला की! दर वक्ताला मीच वळखू व्हय? अकरा वर्षं माझं शेड खाल्लं अन् मूठभर राखेला भिऊन बसताव? उठा!’’

‘‘राख भोकात गेलीय, चंद्रा. ती निघत न्हाई.’’

‘‘शेवेच्या साच्याची भोकं पीठ वाळून बुजतात तवा मी काय साचा फेकून देते? कढत तेलात टाकते. आतली हवा बुडबुडे होऊन निघती, घाण घेऊन निघती.’’

मालकानं मान वर केली. मग म्हनले, ‘‘आधी पेट्रोल.’’ आवाजात जीव आला होता.

अंगणात, चुलीपासनं लांब, त्यांनी बुश पेट्रोलमधी बुडवला, ब्रशानं घासला, पेट्रोल बदललं, पुन्यांदा घासला. चांगला वाळू दिला. मग मी माझी भज्यांची कढई चुलीवर ठेवली अन् तिच्यात, शिव शिव, इंजिनचं तेल वतलं. ती कढई त्या दिवसापासनं माझ्या हातनं गेली. तेल तापलं, बुश सोडला. तळणीच्या कामात मला कोणी शिकवायचं कारण न्हाई. मालक म्हनायलेत, धूर निघू देऊ नको, मी म्हनायलेय, गप बसा, आच माझ्या हातात हाय. बुशाच्या सगळ्या अंगातनं बारीक बुडबुडे निघायले. तेल गढूळ झालं. ते फेकलं, दुसरं घातलं. पुन्यांदा बुडबुडे, थोडे कमी. तिसऱ्या तेलात रंग बदललाच न्हाई. कढई खाली उतरवली अन् बुश तेलातच निवू दिला, म्हणजे निवताना तो तेल आत ओढून घेतो. हे मालकाला बी पटलं.

आठ वाजले. त्यांनी बुश काढून पुसला. एका तोंडाला अंगठा लावला, आत तेल भरलं, दुसऱ्या तोंडाला दुसरा अंगठा लावून दाबलं. आम्ही दोघं डोळे फाडून बघायलाव. पहिल्यांदा काहीच न्हाई. अन् मग बुशाच्या बाहेरच्या अंगावर बारीक थेंब उमटले, इथं एक, तिथं एक, सगळीकडं.

‘‘घाम फुटला!’’ मालक लहान पोरागत वरडले. ‘‘चंद्रा, बुशाला घाम फुटला!’’

भोकं मोकळी झाली होती. माझ्या बी डोळ्यात पाणी आलं, धुराचं म्हना.

मग गाडीखाली. मी मोबाइलची बत्ती धरायलेय, ते क्रँकच्या भोकाला बुश लावून लाकडी दांड्यानं हलके ठोके द्यायलेत. वाकडा गेला तर संपलं. टक, टक, टक. दर ठोक्याला बोटानं चाचपायचं. शेवटी आवाज बदलला, ठप्प झाला. बुश तळाला लागला. मग फ्लायव्हील, मग क्लच. अन् ह्या सगळ्यात दहा वाजले, अन् दारात व्यंकटची गाडी हुबी राहिली.

तिकडनं सुनीलचा फोन. ‘‘अव्वा, दहा वाजले. अप्पाचं झालं का?’’

‘‘आमच्या घड्याळात वाजले न्हाईत अजून,’’ म्हनलं अन् फोन ठेवला.

व्यंकट औरादकडचा, तोंडात गुटखा, मनगटाला घड्याळ. शेडात आला. मालक पाठीवर पडून गिअरबॉक्स जॅकनं उचलायलेत, शाफ्टचे दात क्लचला जुळंनात. एकदा, दोनदा, पाचदा. व्यंकट म्हनला, ‘‘अक्का, मला औरादला दुसरं काम हाय.’’

मी म्हनलं, ‘‘मग हुबा कामून राहिलास? आत शीर अन् उचल!’’

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग गुटखा थुंकला, शर्ट काढून खिळ्याला अडकवला अन् आत शिरला. जी गाडी तोडून न्यायला आला होता तिच्याच खाली दोघं मिळून आय-माय उद्धरायलेत, तो तेलुगूत, हे कन्नडात. मला गिअरबॉक्सचा मागचा दांडा फिरवायला सांगितला. मी फिरवला थोडा, अजून थोडा. अन् एकदम सुळकन शाफ्ट आत गेला. बुशात जाऊन असा बसला म्हने, की व्यंकट बी आतनं म्हनला, ‘‘बसला!’’

सगळं आवळून होईपातूर पावणेबारा. मालक गाडीत बसले. इंजिन सुरू झालं. सायलेन्सर जोडला नव्हता, सगळी गल्ली दणाणली. त्यांनी क्लच दाबला. मी कान टवकारले. कुई न्हाई, विव्हळणं न्हाई. गिअर टाकला, अन् ती बया अकरा वर्षांनी मागं सरकली, हळूहळू, शेडाच्या बाहेर, उन्हात, कडुनिंबाखाली. व्यंकटनं शर्ट झटकला अन् रिकामा गेला. जाताना मात्र तिच्या टपावर एक थाप मारली.

शेडात गेले. रिकामं, मोकळं. जमिनीवर तेलाचा काळा डाग, तिच्या आकाराचा. हेच पायजे होतं मला. उद्या मशिन येईल. तर बाहेरनं भोंगा वाजला. मालक म्हनायलेत, ‘‘बस.’’

मी फणकाऱ्यानंच गेले. आमच्यात बाया मागं बसतात, म्हणून मागचं दार वढलं. आज उघडलं. आत बघते तर सीटच न्हाई. सीटच्या जागी लाकडी चौकट, गोल कापलेली, कडंला पोत्याची गादी शिवलेली, मधी माझ्या बाजंची फळी. खाली टायरच्या ट्यूबचे पट्टे, गचका बसू नये म्हणून.

‘‘मी बसू कुठं?’’ म्हनलं.

‘‘तू म्होरं. मागं दुरडी.’’

हात त्या चौकटीवर फिरवला. ट्यूबचे पट्टे दाबून बघितले, खाली जायले अन् वर यायले. हलबर्ग्याचा खड्डा आठवला. चुलीपुढं मी रडायलेय, अन् हे दारात हुबे, तोंडातनं शब्द न्हाई.

‘‘अकरा वर्षं,’’ म्हनलं, ‘‘अकरा वर्षं मी तुमाला शिव्या घालायलेय. ही भंगारात घालायला मी माणूस बोलावला. एवढंच सांगितलं असतं तर काय जीभ झिजली असती तुमची? सांगायचं ना!’’

‘‘चालल्याशिवाय कसं सांगू?’’ म्हनले अन् खाली उतरून म्होरची काच पुसायला लागले.

मी आत गेले अन् भाकरीची दुरडी घेऊन आले. मागच्या दारातनं चौकटीवर ठेवायला गेले, तर बसंना. तिरपी केली, तरी बसंना. चार बोटं मोठी हाय. मालकानं माप घेतलं ती तेव्हाची दुरडी तर उंदरांनी कुरतडून कधीच गेली, ही मी दोन वर्षांमागं मुद्दाम मोठी घेतली. मालकाची पाठ माझ्याकडं, काच पुसायलेत, तोंडानं शिट्टी वाजवायलेत. ह्या माणसाला शिट्टी येती हे बी मला त्या दिवशी कळलं.

मी दुरडी गुपचूप आत नेऊन ठेवली. शेडाच्या दाराआड गेले, खिळ्यावरची ती तीन गाठींची सुतळी काढली, पदरात बांधली अन् तशीच बुरूडगल्लीला गेले. बुरुडाच्या म्होरं सुतळी टाकली.

‘‘ह्या मापाची दुरडी पायजे. आजच्या आज.’’

त्यानं सुतळी वढून एकेक गाठ बघितली, तळ, काठ, उंची. ‘‘अक्का, तुमची तर मोठी असती. एवढी लहान कामून?’’

‘‘आमच्या मालकानं गाडी केलीय,’’ म्हनलं, ‘‘तिच्यात बसली पायजे.’’

तो काम टाकून गाडीचं विचारायला लागला. मी म्हनलं, ते सगळं मागनं सांगते, तू आधी वीण.